धुण्याच्या दगडाची दुसरी बाजू

॥ श्री ॥
बोरिवली गावठाण,
४ डिसेंबर १९८४

तीर्थरूप दादास,
कुंदाचा शि. सा. न.

गावातल्या हौशी मंडळींनी विद्याधरसरांच्या पुढाकाराने इतिहास मंडळ काढलंय, हे मागे लिहिलं होतंच. रविवारी त्यांनी आपल्या विहिरीजवळचा धुण्याचा दगड उलटा केला आणि खाली चक्क वीरगळ निघाला! ढाल-तलवार घेतलेला वीर, पायाशी गाई, वर अप्सरा. मी तर नाचायचीच बाकी होते.

आईने मात्र कपाळावर हात मारला. बेचाळीस वर्षं देवाच्या पाठीवर धुणी आपटली, म्हणते. तेव्हापासून नुसत्या दुधावर आहे. काल मोरीत भोवळ येऊन बसली. दादा, मला फार भीती वाटते. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

उत्तराची वाट पाहणारी,
कुंदा

नागपूर,
१० डिसेंबर १९८४

चि. कुंदास,
अ. आ.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. बँकेतून रजा मिळेना, म्हणून हे आईला मोठ्याने वाचून दाखव. आई, तो देव नाही गं. गावची गुरं वाचवताना मेलेला कुणी साधा माणूस असणार, त्याची आठवण म्हणून दगड कोरला. त्याच दगडावर माझी शाळेची खाकी चड्डी धुतलीस, त्याचं कसलं पाप? आता मुकाट्याने जेव, नाहीतर मीही इथे उपास धरतो. कुंदे, धमकी खरी आहे हे तिला सांग.

तुम्हा दोघींवर जीव असलेला,
नंदकुमार

बोरिवली,
१८ डिसेंबर १९८४

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि आई जास्तच रडली. देवाने तरी माफ केलं असतं, हा तर कुणाचा तरी मुलगा, म्हणाली. वाट लागली म्हटलं आता!

शेवटी सरांना बोलावलं. ते तिला हाताला धरून तळ्याकाठी घेऊन गेले. तिथले दोन वीरगळ पावसाने इतके झिजलेत की माणूस कुठला नि गाय कुठली, कळत नाही. तिसरा इमारतीच्या पायात फोडून घातला. सर म्हणाले, की आपला तोंड खाली करून पडला होता म्हणून पावसातून वाचला, आणि त्यावर रोज तुमचं धुणं होतं म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. आई घरी आली, वीराच्या नाकावरून बोट फिरवत बराच वेळ बसली. मग मला म्हणाली, पेज टाक.

काल तो देवळाच्या पडवीत उभा केला. पाठ भिंतीला लावू दिली नाही तिने. धुण्याने पडलेला खळगाही दिसतो.

मंडळाने तिला धुण्यासाठी नवा दगड आणून दिला. तो बसवण्याआधी तिने त्यांना उलटा करून दाखवायला लावला.

माया असू दे.
तुझी,
कुंदा