घासलेल्या नंबरांची कबुली

मी, मार्तंड काशीराम घाग, वय ४९, धंदा गिटारचा आवाज बदलणारी पेडले बनवणे व दुरुस्ती, राहणार मुलुंड पूर्व, हे माझ्या हाताने लिहीत आहे. यकृताचा आजार शेवटाला आला आहे, बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. कोणाचा धाक नाही, आग्रह नाही. ग्रामदेवतेला स्मरून लिहितो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी जयंती हिची.

२. गावच्या घरातील माझा हिस्सा थोरला भाऊ सीताराम याला. वडील गेल्याचे त्याने मला तिसऱ्या दिवशी कळवले, हे मी विसरलेलो नाही. पण तिथे देवापुढे दिवा तोच लावतो.

३. मीटर, सोल्डरिंगची हत्यारे व सर्व चिपा मुलगी गंधाली हिला. बाळा, महाग चिप म्हणजे गोड आवाज, असे समजू नकोस. बॅटरीवरच्या पेडलला टीएल०७२ घाल, ती वीज कमी खाते. एनई५५३२ मिक्सरसाठी ठेव, तो घरच्या विजेवर चालतो. आणि चिपवरचा नंबर कधीही घासू नकोस.

४. मी घासत असे. कोणी सर्किट उतरवून घेऊ नये म्हणून आम्हा पेडलवाल्यांत ही रीत आहे. पॉलिश पेपर फिरवला की सगळ्या चिपा सारख्याच काळ्या. सहा वर्षांपूर्वी आमच्या चाळीस पेडलांच्या बॅटऱ्या आठवड्यातच संपू लागल्या; एक तर भर कार्यक्रमात बंद पडले. चिपांची खरेदी माझा भागीदार राजेश तांबे करीत असे. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "नकली माल आणलास ना? मधले किती खाल्लेस?"

"अरे, नंबर तूच घासलेस. आता मी काय दाखवू, कपाळ?"

"चालता हो."

तो गेला. बोभाटा झाला आणि या धंद्यात पुन्हा त्याला कोणी उभे केले नाही.

५. दीड वर्षाने मी परत आलेल्या पेडलांतल्या चिपा मीटरला लावल्या. वीज टीएल०७२ च्या तिप्पट, म्हणजे मिक्सरची एनई५५३२, आणि बरोबर तिच्या माहितीपत्रकात दिली आहे तेवढीच. माल अस्सल होता. घासून झाल्यावर दोन्ही चिपांच्या डब्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. हे कळूनही मी गप्प राहिलो. रोज पूजा केली आणि गप्प राहिलो.

६. दुकानाचा गाळा राजेशला. हे सारे मी गेल्यावर वाचले जावे, असे ठरवले होते. गंधाली म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्हाला काय त्रास होणार? आत्ता फोन करा ना." परवा केला. राजेशने सगळे ऐकून घेतले.

"मी चोर नाही, हे मला माहीत होतं रे. मला कशाला सांगतोस? त्यांना सांग."

गाळ्याबद्दल तो काही बोलला नाही. नको म्हणाला तर गाळा गंधालीकडे जावा. त्याची मनधरणी करू नये.

७. म्हणून साक्षीला त्या दिवशी दुकानात हजर असलेलेच बोलावले. तिघे आले. कलम चार व पाच मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. जयंतीचा भाऊ यज्ञेश सही न करता उठून गेला. उरलेल्या दोघांसमोर मी सही करीत आहे.

स्थळ : मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक : १४ ऑगस्ट २०२४

मार्तंड काशीराम घाग

साक्षीदार :

१. श्यामसुंदर पेडणेकर, गिटारवादक, भांडुप

२. मुकुल वैद्य, ध्वनियंत्रणा भाड्याने देणे, घाटकोपर. त्या दिवशी राजेशची पिशवी मी सगळ्यांसमोर उलटी केली होती. आत त्याचा जेवणाचा डबा आणि छत्री निघाली. हेही या कागदावर राहू दे.