मराठी तुकडी आणि डेव्हिडसाहेब

२४ फेब्रुवारी १९९७, सोमवार

झालं! हैबतरावांनी आज स्टाफरूममध्ये येऊन जाहीरच करून टाकलं – जूनपासून बी.कॉम.ची मराठी तुकडी बंद. इंग्रजी तेवढी राहणार. रिकाम्या झालेल्या वर्गात वेल्समधल्या कुठल्याशा विद्यापीठाचा मॅनेजमेंटचा कोर्स. दोन वर्षं पेणला, तिसरं तिकडे, पदवी त्यांची.

"जग कुठं चाललंय बाई, आन आपन जमाखर्च मराठीत शिकवतोय!"

हे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे त्यांचा. मूर्ती बोटीने लंडनला जातात, मग पोरं का जाऊ नयेत, असा सरळ हिशेब. संध्याकाळच्या गाडीने रोह्याला परत येताना सगळी उत्तरं सुचली. खाडीकाठची पोरं इंग्रजी तुकडीत टिकत नाहीत हो! ती घरीच बसतील. मुली तर नक्कीच. फार राग आलाय. आणि भीतीही वाटते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्ससाठी वेल्सहून पाहणीला येणाऱ्या प्राध्यापकाचं नाव कळलं – डेव्हिड प्रॉसर. आठ मार्चला, शनिवारी पाहणी.

हैबतरावांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तुमच्यातलेच दिसतायत, बाई! तुमी हाय म्हनून घरच्यावानी वाटंल त्यांना."

डेव्हिड म्हणजे बेने इस्राएल, आम्ही कोकणातले ज्यू, हे रोह्यापासून पेणपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा सख्खा मामा डेव्हिड होता. मी लगेच म्हटलं, मग शनिवार नको. आमचा शब्बाथ असतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत काम नाही, चूल नाही, दिवाबत्तीला हात नाही.

"अरारा! बरं सांगितलंत. पाप लागलं असतं."

पाहणी रविवारवर गेली. वेल्समध्ये आमचे लोक कसे पोहोचले असतील? मराठी येत नसेल त्यांना. पण प्रार्थना तर तीच!

५ मार्च, बुधवार

रविवारी इंग्रजी तुकडी मिळणार नाही! सगळी पोरं पनवेलला कॉम्प्युटर क्लासला. एकही थांबायला तयार नाही. हैबतराव हवालदिल – साहेबांपुढे रिकामी बाकं कशी दाखवायची?

"तुमची मराठी पोरं बोलवा, बाई. तोंड उघडू नका म्हनावं. नुसती बसू द्या."

ज्यांना काढायचं त्यांनाच शोभेला बसवायचं! तरी हो म्हटलं. घरी येऊन आमच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताला नवस बोलले – तुकडी वाचली तर मलिदा करीन.

६ मार्च, गुरुवार

हैबतरावांच्या मंडळींनी पाहुण्यासाठी घेतलेली कोळंबी मी परत पाठवायला लावली. खवल्याशिवायची मासळी आम्हाला चालत नाही.

९ मार्च, रविवार

हसावं की रडावं!

डेव्हिडसाहेब आमच्यातले नाहीतच. ख्रिस्ती आहेत. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक गल्लीत दोन डेव्हिड. शुक्रवारी संध्याकाळपासून बिचारे रेस्टहाउसमध्ये अंधारात बसून होते! हैबतरावांचा हुकूम म्हणून गोविंदा शिपायाने ना दिवा लावू दिला, ना पंखा. चहा नाही. जेवण गारढोण. त्यांना वाटलं, इथली वीजच शनिवारी बंद असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र पोट धरून हसले. मग हळूच विचारलं – इथे कोळंबी मिळते का?

मीही हसले. पण आतून वाईट वाटलं. रोह्यात आमची दोनच घरं उरलीत. वाटलं होतं, कुणीतरी आपलं येतंय.

मग वर्ग. साहेब मागच्या बाकावर. मी मिठाचा भाव कसा ठरतो ते शिकवलं, मराठीतच. शेवटी साहेब म्हणाले, मुलांना काही विचारायचं असेल तर विचारू दे. दारात हैबतराव डोळे वटारून उभे.

आणि सरू उठली! शेवटच्या वर्षाची, आईबाप मिठागरावर.

"सायबांना इचारा बाई – तुमचे कॉलेजान पोरा कमी परली काय, म्हनून आमचेकडं आलाव?"

हैबतराव जोरात खाकरले. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. जरा खणखणीतच! वर, कोर्ससाठी हीच तुकडी बंद होतेय, हेही.

साहेब लाल झाले. मग म्हणाले, हो. सरकारने अनुदान कापलं, आता परदेशी मुलांच्या फीवर विद्यापीठ चालतं. "मी प्राध्यापक होतो, आता फिरता विक्रेता झालोय." ऑस्ट्रेलियावाले मलेशियात दुकान थाटून बसलेत, इंग्रज सिंगापूरला. आपण मागे राहू या धाकाने जो तो बॅग घेऊन निघालाय. मागे राहणं म्हणजे काय, हे विचारायला वेळ कुणाला?

जाताना हैबतरावांना त्यांनी आणखी एक सांगितलं, मी मध्ये उभी राहून मराठी केलं. त्यांच्या आजोबांना शाळेत इंग्रजी सोडून घरची भाषा बोलल्याबद्दल छड्या बसायच्या. आता त्याच भाषेत वर्ग चालवायला सरकार पैसे देतं, पण शिकवायला माणूस मिळत नाही. "आमचा कोर्स हवा तर घ्या. हा वर्ग मोडू नका."

हैबतराव मिशीवरून हात फिरवत राहिले.

१७ मार्च, सोमवार

वाचली! मराठी तुकडी वाचली!

हैबतराव म्हणाले, "गोरा मानूस एवढ्या लांबून येऊन सांगतोय, म्हंजे कायतरी असंल त्यात." मी इतकी वर्षं शिकवत होते, त्यात काही नव्हतं. असो. वेल्सवाल्यांचा कोर्स गच्चीवर पत्र्याची खोली बांधून घेणार.

मलिदा केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. स्टाफरूममध्ये वाटला. हैबतरावांनी दोनदा मागून घेतला.

१६ जून, सोमवार

निकाल. सरू पहिल्या वर्गात! धावतच सांगायला आली, गळ्यात पडली. कोलाडकडच्या एका कंपनीतून तिला मुलाखतीला बोलावलंय. मी तिला माझी निळी साडी दिली. आज झोप लागेल असं वाटत नाही, आनंदाने.

२४ जून, मंगळवार

सरू आली, धाकट्या बहिणीला घेऊन. नमिता, यंदा बारावी झाली. मी हसत म्हटलं, ये गो, तुझ्या ताईच्याच बाकावर बस.

सरू हसली नाही. मुलाखतीत सगळं इंग्रजीत विचारलं. तिला कळत होतं, उत्तरंही येत होती. तोंड उघडेना.

"मना तुमचा सगला समजला, बाई. हिला मातर विंग्रजी तुकडीन घाला."

घातलं.