अंगठ्यांचा दोरा

वैशाख शुद्ध तीज, फसली १३४७. देगलूर.

आज सराईत, म्हणजे गावच्या धर्मशाळेत, कामाला लागले. जागा झकास. निंबाची गार सावली, पाण्याला आड, चूल दोन तोंडांची. काम काय, तर ज्यांना घर न्हाई त्यांच्यासाठी आंबील शिजवायची, अन् कुणी मेलं तर पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं बांधायचे. सत्तरीत यापेक्षा हलकं काम मला कोण देतंय? कारभारी गुरुपादप्पानं विचारलं, चतुराबाई, मागं कोण हाय? पोरगा हाय बिलोलीला, शेषेराव. बायकोचं ऐकून मला बाहेर काढली मुडद्यानं. गुरुपादप्पाला म्हणलं, पोरगा मेला. रागात म्हणलं, पण तोंडाला गोड लागलं.

मालकांनी जिते असताना चार अक्षरं शिकवली होती. वही काढली. हात बरा चालतो.

वैशाख शुद्ध षष्ठी.

कुणाचं घर पुरात गेलं, कुणाला भावकीनं हाकललं. उघड्यावर निजून छात्या पोखरल्यात, पायाच्या जखमांत किडे. चाळिशीतच म्हातारी होऊन मरतात. त्यांच्यात मीच तरणी! पार्वतम्मा म्हणून एक तेलंगी बाई हाय. रोज चुलीपाशी बसून कुरकुर करती, आंबिलीत मीठ न्हाई म्हणून. मी म्हणलं, तुझ्या जिभेवर लई हाय, तेच चाट. खदखदून हसली. म्हणजे मराठी समजते भवानीला.

वैशाख पौर्णिमा.

पटकी आली. दिवसाला तीन-चार जातात. पाणी उकळा म्हणलं, तर गुरुपादप्पा म्हणतो, भिकाऱ्यांपायी सरपण जाळू काय?

सकाळी एका माणसाचे अंगठे बांधले. अंग गार, नाडी न्हाई. घटकेनं तो उठून बसला. मी आपली खूश. गुरुपादप्पा म्हणाला, दोरा बांधला की माणूस संपला, आता हालतंय ते आत शिरलेलं भूत. अन् मुसळ घातलं डोक्यात. तीनदा. भिंतीवर शिंतोडे. मला बी वाटलं, असंल भूत. मुसळ मीच धुतलं.

वैशाख वद्य द्वितीया.

पार्वतम्मा दुपारी गार पडली. नाकाशी सूत धरलं, हाललं न्हाई. बांधले अंगठे.

तिनं डोळे उघडले. नीळ्ळू म्हणाली, म्हणजे पाणी. मग म्हणाली, मीठ घालून दे.

भुताला मिठाचं काय माहीत? तीच होती. गाठ सोडाया गेले, सुटंना. माझीच गाठ, पक्की. गुरुपादप्पा आला. मी तिच्यावर आडवी पडले. त्यानं केस धरून मला भिंतीवर फेकली. पहिल्या घावात जबडा गेला. तिचा दात माझ्या पदरात पडला. दुसरा घाव, तिसरा — पाय तरी हालूनच राहिले होते.

दात पदराला बांधून ठेवलाय.

वद्य चतुर्थी.

बिलोलीच्या गाडीवानाला खिडकीतनं सांगितलं, शेषेरावला म्हणावं आई बोलावती, लगोलग ये. गुरुपादप्पा हसला. त्याला म्हणाला, म्हातारीचा पोरगा मेलाय, तिनंच सांगितलंय, डोकं फिरलंय तिचं. गाडी गेली.

दाराला बाहेरून कडी.

वद्य पंचमी.

मला बी जुलाब सुरू. पोटऱ्यात गोळे. दोऱ्याचा गुंडा चुलीत घातला. निजायचं न्हाई. डोळे मिटायचे न्हाईत.

वद्य षष्ठी. दुपार.

डोळा लागला. उघडला तर —

अंगठ्यांना दोरा. नवा.

हात मोकळे हायेत. वही पदराखाली. बोटंच तेवढी हालवून लिहून राहिले. वाकून सोडावं तर दिसंल. गुरुपादप्पा दारात, मुसळ मांडीवर. तांब्या हातभर लांब. तहान —

बाहेर गाडी थांबली.

शेषेराव! त्याचाच आवाज. आई कुठं हाय म्हणतोय. गाडीवानानं सांगितलं म्हणायचं —

गुरुपादप्पा म्हणाला, सकाळीच गेली. अंगठे बांधलेत, बघा.

दारात उभा हाय. रडतोय, माझा गाढव. हाक मारते —

गुरुपादप्पा त्याला समजावतोय. पटकीचं मढं हाय. हाललं, बोललं तर आई समजू नका, म्हणतो. मुसळ शेषाच्या हातात देतोय —

घेतलं त्यानं.

जवळ येतोय. बोट थांबवते. नको, पदर हालला. बघितलं त्यानं.

शेषा, मी हाय रे, मी —