भरलेली अळी

पप्पा, आज दुपारी माझ्या वरणात अळी पडली. गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलावरून घरात आली असणार. बदलापूरला डोंगराच्या पायथ्याशी हा फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या सागाचं बिल्डरनं केवढं कौतुक केलं होतं! आता त्या सागाच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात, आणि अळ्या धाग्याला लोंबकळत जिन्यात, गाड्यांवर, पोरांच्या दप्तरांवर उतरतात. त्यांच्या लेंड्या दिवसभर पत्र्यावर टपटपत असतात. शी! मी ताट तसंच उचलून ओतून दिलं. मला अळ्यांची किती किळस आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण खरं सांगू, त्याहून जास्त किळस मला आता आमच्या सोसायटीच्या कमिटीची येते. गेल्या वर्षी अळ्या थोड्याच होत्या. यांनी मशीन बोलावून कुंपणाच्या झाडांवर दोनदा औषध मारलं, मेलेल्या अळ्यांच्या ढिगाचे फोटो ग्रुपवर टाकले आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. यंदा त्याच झाडांवर गेल्या वर्षीच्या कितीतरी पट अळ्या आहेत. उद्या मीटिंग आहे. आणखी कडक औषध मारायचं, आणि तरी नाही भागलं तर परवानगी काढून झाडंच पाडायची, असं म्हणतात.

हे तुम्हालाच सांगतेय, कारण पगार घेऊन अळ्या पाळणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. अंबरनाथच्या तुमच्या कंपनीत कीटकनाशक बनायचं, आणि ते चालतं की नाही हे बघायला धडधाकट जिवंत अळ्या लागायच्या. त्या वाढवायचं काम तुमच्याकडे. आंघोळ केल्याशिवाय आई तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. विठ्ठलवाडीच्या चाळीत कुणी विचारलं, मिस्टर काय करतात, तर 'लॅबमध्ये असतात' एवढंच सांगून दार लोटून घ्यायची. एका सुट्टीला तुम्ही मला ती खोली दाखवायला नेलंत. मी नाकाला रुमाल लावून उभी आहे आणि तुम्ही डोंगरावरून आणलेल्या सागाच्या फांद्या टेबलावर उलटसुलट करताय. एका अळीच्या अंगाला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे चिकटलेत. मला वाटलं, ही अंडी घालतेय. मी पायातली चप्पल काढली. तुम्ही माझं मनगट असं धरलंत की माझी बांगडी वाकली. आधी ओरडलात, मग समजावलंत. ती अंडी नव्हती, एका गांधीलमाशीच्या पिल्लांचे कोष होते. डासाएवढी ती माशी जिवंत अळीच्या पोटात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खातात आणि कातडीला भोक पाडून बाहेर येतात. अशा अळीला तुम्ही 'भरलेली' म्हणायचात. पक्षी, मुंग्या आणि या माशा आहेत म्हणून जंगलात अळ्या माजत नाहीत, म्हणालात. तुमच्या खोलीत मात्र ती माशी शिरली की सगळ्या अळ्या खलास, आणि साहेबाच्या शिव्या तुम्हाला. मग मारू द्या की मला, मी म्हटलं.

"बाहेर झाडावर सोड," तुम्ही म्हणालात. "ती माझी दुश्मन आहे, झाडाची नाही."

मी बाहेर जाऊन ओकले ते तुम्ही आईला कधी सांगितलं नाहीत.

त्या माशीपायी तुम्ही मला विठ्ठलवाडीजवळच्या कॅम्प तीनच्या कापडबाजारातही फिरवलंत. खिडक्यांना लावायला कंपनीची जाळी तुम्हाला पटत नव्हती. सिंधी शेठ एकेक ओढणीची जाळी उलगडतोय आणि तुम्ही खिशातल्या पुडीतला बारीक रवा तिच्यावर टाकून बघताय. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साईं, बेटी की शादी है या आटा छानना है?" तुम्ही हसलातसुद्धा नाही. उरलेल्या कापडाचा आईकडून मला फ्रॉक शिवून घेतलात. तो घातला आणि अंगावर अळ्या वळवळल्यासारखं झालं, परत कधी घातला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी गॅलरी झाडताना मला एकदम उमगलं. अळी वाढवायची तर तिचे दुश्मन बाहेर ठेवावे लागतात. तुम्ही ते जाळी लावून करायचात, यांनी औषधानं त्या माशाच मारून केलं. आमच्या कुंपणाची तुमची खोली झालीय, पप्पा! मी चेअरमनकडे गेले. तो निवृत्त बँक मॅनेजर, मला बसवून चहा दिला आणि म्हणाला, मॅडम, ती पांढरी अंडीवाली तर मी वॉचमनला आधी जाळायला सांगितली होती. मी कप खाली ठेवला आणि त्याला माशीचं सगळं सांगितलं. प्रूफ आणा, म्हणाला. म्हणून मी कुंपणाच्या झाडांवरच्या अळ्या चिमट्यानं बरणीत भरल्या, तोंडाला कापड बांधलं, घरातल्यांची बोलणी खात ओट्यावर ठेवल्या. एकही भरलेली निघाली नाही. सगळ्यांचे पतंग झाले, आतल्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेले, देखणे. जाळी लावूनही तुमच्या खोलीत इतक्या धडधाकट अळ्या कधी वाढल्या नसतील.

आज संध्याकाळी मी डोंगरावर चढले, मशीनचा पाइप जिथे पोचत नाही तिथवर. तिथल्या सागाची पानं थोडीफार कुरतडलेली, पण हिरवी. खूप शोधल्यावर पांढऱ्या दाण्यांची एक सापडली. मला हवं होतं ते प्रूफ. पान तोडताना अळी निसटली आणि थेट माझ्या तळव्यावर पडली. अर्धमेली, दाण्यांसकट, थंडगार. अंगावर सर्रकन काटा आला. तरी मी हात झटकला नाही, तसाच उघडा धरून खाली आले. गेटाशी आल्यावर मनात आलं, चेअरमनला दाखवली तर तो ती चिरडणार. मी ती कुंपणाच्या सागाच्या बुंध्यावर, एका खाचेत नीट ठेवली. एका अळीनं काय होणार, ते मलाही कळतं. उद्या मीटिंगला रिकाम्या हातानं जाऊन भांडणार आहे.

तुम्ही नसताना हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? आणि एक राहिलंच. घरी येऊन साबणानं हात घासघासून धुतला, तरी आज चमच्यानं जेवले.