दहा मिनिटांचा साईभात

वैशाखरे, ता. मुरबाड
१४ डिसेंबर २००५

ती. अनिताताईंना तुमच्या भावजयीचा, मैनाचा नमस्कार. कंबर कशी आहे? तुमच्याकडच्यांचा खोकला थांबला का? (फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही 'बरं आहे' म्हणता नि लगेच ठेवता.) इकडे सगळे खुशाल. भात झोडून झाला, नि तुम्ही कल्याणहून टेम्पोत घालून पाठवलेला मायक्रोवेव्हही पोचला. सोबतची चिठ्ठीही मिळाली : 'दहा मिनिटांत साईभात. शिजलेला भात, दूध, साय, लोणी, मिरपूड. भांड्यात घालून बटण दाबणे.' ताई, कोणतं भांडं, तेवढं लिहायचं राहिलं हो.

रविवारी आपल्या अंजूला बघायला खर्डीची माणसं येणार होती. मुलगा ठाण्याला नोकरीला, म्हणून म्हटलं, कोंबडीच्या रश्श्याशेजारी वाटीभर शहरातलंही दिसू दे. मी आपला लग्नात आलेला, नाव घातलेला स्टीलचा टोप आत ठेवला. बटण दाबताच चट् चट् ठिणग्या! तुमचे बंधू (जे बिबट्यालाही भीत नाहीत, असं ते स्वतः सांगतात) "पेटलं गो!" म्हणत थेट अंगणात. नेमके पाहुणे जीपमधून उतरत होते. त्यांना वाटलं, यजमान धावत सामोरे आले. यांनीही हात जोडून तसंच भासवलं.

मग मी भात काचेच्या वाडग्यात ओतला नि पुन्हा बटण दाबलं. कोथिंबीर चिरेपर्यंत सगळं दूध उतू. अंजूला बजावलं होतं की मान खाली ठेव, हसू नको. तिनं दार उघडून आत पाहिलं नि अशी खदखदून हसली की ओटीवरचे पाहुणे बोलायचे थांबले. तेवढ्यात मुलाची आई, जनाबाई, पाणी मागायला म्हणून थेट चुलीपाशी.

त्यांनी आत डोकावलं, बोटानं चाखलं. "मीठ नाय टाकलं तुमी." (चिठ्ठीत नव्हतं, ताई.) मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं पण हाय असला. पोरानं आणलाय. मी त्यात पापड ठेवते, मुंग्या लागत नाय." अंजू पुन्हा हसली, नि जनाबाई तोंडाला पदर लावून खालीच बसल्या. उरलेला भात आम्ही टोपात काढला, दूध-साय वाढवली, नि चुलीवर तो त्यांनीच ढवळला. ओटीवर परत जाताना म्हणाल्या, "पोरगी हसती बरी. आमच्या घरात कोन हसतच नाय."

पंगतीत साईभात दोनदा फिरला. तुमचे बंधू "मशीनमधला आहे" म्हणून सांगत होते नि जनाबाई गंभीरपणे मान डोलवत होत्या. अंजूला विचारलं तर म्हणे, सासू पसंत आहे, मुलाचं बघते. अर्धा तास ओटीवर त्याच्याशी बोलली, तोही पसंत पडला. सुपारी फुटली.

तुमची,
मैना

ता. क. लग्न फेब्रुवारीत आहे.

ता. क. मे महिन्यात भावकीतल्या लग्नात मानाच्या टोपीवरून तुम्ही बहीण-भावानं धरलेला अबोला आता पुरे. आठ दिवस आधी या. अंजूला पहिली हळद आत्याच्याच हातची लागली पाहिजे. हे मी माझ्या मनानं लिहिते आहे.

ता. क. माझ्या मनानं नाही. ते समोरच बसलेत. "मी सांगितलं असं लिहू नको," हे दोनदा सांगून झालंय. चष्मा सापडत नाही म्हणून वाचता येत नाही त्यांना. तुम्हीही वाचलं नाही असं समजा, पण या.