कुलूप सुयोगनेच उघडलं

विक्रोळी,
रविवार, १४ जून २०२६

तीर्थस्वरूप शांताताई,

मालनचा नमस्कार. तुम्ही गावाला नीट पोचलात हे समोरच्या दीप्तीकडून कळलं. गुडघ्याचं दुखणं कमी असेल अशी आशा करते. तिकडच्या ओल्या हवेत तेल चोळून गरम फडकं बांधत जा. इथे आम्ही ठीक आहोत. यांची शुगर वाढली होती, डॉक्टरने गोळी बदलली, आता बरं आहे. श्वेताला पवईला नोकरी लागली. सकाळी सातला डबा घेऊन निघते. तुमच्या खोलीत अजून कोणी राहायला आलेलं नाही. तुमचा कढीपत्त्याचा डबा मी माझ्या दारात आणून ठेवलाय, नाहीतर पोरं पानं ओरबाडून टाकतात.

फोन करणार होते. दोनदा लावलाही. तुमच्या वाडीत रेंज नसते हे एक कारण झालं, पण खरं सांगायचं तर तुमचा आवाज ऐकला की माझं तोंड बंद होतं. म्हणून लिहितेय. हे पत्र वाचून दाखवायला शेजारच्या कुणाला बोलावू नका. चष्मा लावा आणि एकट्याच वाचा.

मे महिन्यात तुम्ही खोली रिकामी करायला आलात, तेव्हा निघताना माझ्या दाराशी थांबलात. मी तुमच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. तरी तुम्ही वाकून माझ्या पायाला हात लावलात आणि म्हणालात, "माझ्या झिलान तुमका दोघींका कोंडल्यान नि पळान गेलो. माका माफ कर गो बाये." मी पाय मागे ओढले आणि चहा टाकते म्हणाले. तेवढंच सुचलं. आधण उकळेपर्यंत तुम्ही गेला होतात.

शांताताई, तुमचा मुलगा, सुयोग, पळाला नव्हता.

एवढं एक वाक्य मी दहा महिने कुणालाच सांगितलं नाही. पोलिसांना नाही, यांना नाही, तुम्हाला नाही. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहायची नाही.

गेल्या श्रावणातल्या त्या मंगळवारी आम्ही दोघी कामावरच्या इमारतीत, खालच्या बेसमेंटमध्ये होतो. मी आणि नीलम, घाटकोपरची, माझ्याबरोबर हाऊसकीपिंगला असते ती. साफसफाईवाल्या बायकांची कपडे बदलायची खोली तिथेच, पंपरूमला लागून. दुपारी दोन वाजता आम्ही डबे उघडले होते. जेवणाच्या वेळी जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं, असा सुपरवायझरचा हुकूम होता. बायका वर जाऊन लॉबीत बसतात, ते साहेबांना आवडत नाही म्हणून. कुलूप सुयोग लावायचा, तिथला गार्ड म्हणून. रोज लावताना म्हणायचा, "मावशी, पंधरा मिनिटं हां. मी आलोच." ही नोकरी मला त्यानेच लावून दिली होती, तुम्हाला माहीत आहेच.

पाऊस सकाळपासून होता, त्याचं काही नाही. पण मागच्या नाल्याची भिंत फुटली. आम्हाला आधी आवाज आला, ट्रक रिकामा करतात तसा. मग उतारावरून पाणी आलं आणि त्याबरोबर वरच्या पार्किंगमधल्या मोटरसायकली आल्या. एकीवर एक आपटत. एक माणूसही आला. तो मेलेला होता की जिवंत, मला ठाऊक नाही. खांबावर आपटला आणि गाड्यांखाली गेला. उताराने वर जायचं शक्यच नव्हतं. आम्ही जिन्याच्या दाराकडे धावलो आणि दार बडवायला लागलो. नीलम डोकं आपटत होती दारावर. पाणी गुडघ्यावर आलं होतं.

तेव्हा बाहेरून आवाज आला, "मावशी, बाजूला व्हा."

वर सगळ्यांना बाहेर काढत होते. तोही गेटपर्यंत गेला होता, आणि तिथून परत आला. हे त्याने मला नंतर भुयारात सांगितलं. म्हणाला, "गेटवर मोजलं तर तुम्ही दोघी कमी." त्याने कुलूप काढलं आणि चावी सवयीने खिशात टाकली. तीच चावी पुढे त्याच्या खिशात सापडली आणि तेवढ्यावरून ठरवून टाकलं की हा कोंडून पळाला.

दार उघडलं त्याच क्षणी वर लॉबीची काच फुटली असणार. जिन्यावरून पाणी असं कोसळलं की सुयोग दारासकट आमच्या अंगावर आला. दार त्याच्या उजव्या खांद्यावर बसलं. खांदा निखळलेला मला ऐकू आला. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरत होतं. जिन्याची वाटही बंद झाली. तो उठला, डाव्या हाताने त्याने नीलमचा दंड धरला आणि म्हणाला, "पंपरूममधून भुयार आहे. चला."

ती इमारत जुन्या कारखान्याच्या जागेवर उभी आहे. त्या कारखान्याचं वाफेच्या पाइपांचं भुयार तसंच खाली राहिलंय, जुन्या बॉयलरघरापर्यंत. राउंड मारताना त्याने ते पाहिलं होतं. पंपरूमच्या भिंतीत लोखंडी झाकण होतं. त्याने भिंतीवरचा पाइपचा मोठा पाना, हातभर लांब, माझ्या हातात दिला. म्हणाला, "माझा हात चालत नाहीये, तुम्ही मारा." मी झाकणाच्या कड्या मारून मारून तोडल्या. आधी मी, मग नीलम, मागे तो, असे आम्ही आत घुसलो. पाना मी सोडला नाही.

आत उभं राहता येत नव्हतं. गुडघ्यांवर, वाकून, एका हाताने पाइप धरून चालायचं. सुयोगच्या छोट्या बॅटरीचा तेवढा उजेड. पाणी आमच्या मागून येत होतं, मांडीपर्यंत, मग पोटापर्यंत. उंदीर आमच्या पाठीवरून, केसांतून पुढे पळत होते. एकाने माझ्या कानाला चावा घेतला, तो मी हाताने भिंतीवर चिरडला. अर्ध्या वाटेवर भुयार खोल होत गेलं आणि पाणी हनुवटीला लागलं. तिथे नीलम थांबली. पाइपला मिठी मारून बसली, म्हणाली मी येत नाही, तुम्ही जा. सुयोगने तिला दोन थोबाडीत मारल्या. ओठ फाटला तिचा. "चल, नाहीतर मीच बुडवीन तुला इथे," असं तो तिच्या तोंडावर ओरडला. मग ती हलली. तो मागून डोक्याने तिला ढकलत होता, कारण हात एकच होता आणि त्यात बॅटरी होती. प्रत्येक ढकलण्याला तो कण्हायचा.

मध्येच त्याने मला विचारलं, "मावशी, मी इथे अडकलोय ते आईला सांगितलं नाहीये ना कुणी?" मी म्हटलं, कोण सांगणार, तू स्वतःच जाऊन सांग.

बॉयलरघराखाली विहिरीसारखी उभी जागा आहे. भिंतीत लोखंडाच्या पायऱ्या आणि वर जाळी. मी वर चढले आणि पान्याने जाळीचे गंजलेले बोल्ट मारायला लागले. किती वेळ मारले सांगता येत नाही. तळहाताची सालं निघाली. एक बाजू तुटली तेव्हा जाळी तिरकी झाली आणि त्या फटीतून मी अर्धी बाहेर आले. छाती वर, पाय आत. वाकून नीलमला हात दिला. तिने माझं मनगट धरलं.

आणि मागून दुसरा लोंढा आला. पंपरूमची भिंत गेली असावी. पाणी त्या विहिरीत खालून वर उसळलं, फिरायला लागलं. सुयोगची बॅटरी गेली. वरून येत होता तेवढाच उजेड.

आता जे लिहिते ते हळू वाचा.

त्याला एका हाताने पायरीवर चढता येईना. पाण्याने त्याला दोनदा भिंतीवर आपटलं. मग त्याने नीलमला धरलं. मागून, मानेभोवती, डाव्या हाताने. बुडणारा माणूस धरतो तसं. तो तिला मारत नव्हता, शांताताई. त्याला वर यायचं होतं, एवढंच. पण त्याच्या वजनाने ती खाली जायला लागली. तिचं तोंड पाण्याखाली जायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. तिचे डोळे पांढरे झाले. ती ज्या पायरीवर उभी होती ती भिंतीतून सुटत होती. माझ्या हातातून तिचं मनगट बोट बोट निसटत होतं. मी ओरडले, "सुयोग, तिला सोड, पायरी धर." त्याने ऐकलं नाही. ऐकू आलं नसेल. तो म्हणाला, "मावशे, माका सोडू नको."

माझ्या दुसऱ्या हातात पाना होता.

पहिला मी त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडलेलं मला पान्यातून कळलं. त्याने हात काढला नाही. वर बघितलं. मी मारतेय हे त्याला कळलं, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. दुसरा बोटांवर मारला. तिसरा आणि चौथा डोक्यावर. चौथ्याला हात सुटला. पाण्याने त्याला फिरवला आणि भुयारात ओढून नेला.

त्याने स्वतःहून हात सोडला, असं मी तुम्हाला लिहू शकले असते. नीलमही तसं म्हणायला तयार होती. ऐकून तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. मी मारलं म्हणून सुटला.

मी नीलमला वर ओढली. ती पाणी ओकत होती आणि मी तिच्या पाठीत मारत होते. मग मी परत जाळीपाशी जाऊन त्याला हाका मारल्या. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मारल्या.

अग्निशमनचे लोक पाच वाजता आले. हॉस्पिटलमध्ये पोलिसाने विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण होतं. मी म्हटलं, कोणी नाही. सुयोग? तो दिसलाच नाही. आम्ही दोघींनीच झाकण तोडलं. नीलमने माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. तेवढं बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. तो भुयारात आमच्याबरोबर होता म्हटलं असतं तर तो कुठे गेला हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तो खाडीकडच्या तिवरांत सापडला. डोक्यावरच्या जखमा पत्र्याच्या, लोखंडाच्या असतील, असं ठरलं. तुम्ही त्याच्यावर पडून रडत होतात आणि मी तुम्हाला खांद्याला धरून उठवत होते. त्याच हाताने.

चौकशीत ठेकेदाराने लिहून दिलं की गार्डने बायकांना कोंडलं आणि जागा सोडून पळाला. माझ्या जबानीने ते पक्कं झालं. चाळीत लोक कुजबुजले. तुम्ही नळावर जायचं सोडलंत. त्याचा फोटो भिंतीवरून काढून पेटीत ठेवलात, तेही मी बघितलं. मी रोज तुमच्या दारावरून जात होते. श्वेताचं काय होईल, यांच्या औषधपाण्याचं कोण बघेल, मी तुरुंगात गेले तर घर कसं चालेल, असं स्वतःला सांगत होते. ते खोटं नव्हतं. पण मी त्याला दोनदा मारलं. एकदा पान्याने, एकदा जबानीने. दुसऱ्यांदा तर पाणीसुद्धा नव्हतं.

गेल्या गुरुवारी नीलम घरी आली. तिचे वडील तिला बोलू नको म्हणतात. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, त्याचा हात मला अजून मानेवर लागतो. पण भुयारात मागून ढकलणारं त्याचं डोकंही पाठीला लागतं. लोक त्याला पळपुटा म्हणतात ते मला आता ऐकवत नाही." मी म्हटलं, तुझं नाव येईल. म्हणाली, "येऊ दे. लिहा."

उद्या सकाळी हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते. पुढच्या सोमवारी, २२ तारखेला, आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. पोलिसांआधी तुम्हाला कळायला हवं होतं. यांना आणि श्वेताला काल रात्री सांगितलं. सकाळी उठून माझा चहा त्यांनी केला.

तुम्ही विचाराल, पुन्हा तीच वेळ आली तर काय करशील. मी खूप विचार केला. नीलमचा हात मी सोडला नसता. म्हणजे पुन्हा तेच केलं असतं. हे वाचून तुम्ही मला जो शाप द्याल तो मी घेईन. माफी मागत नाही. तुमच्याकडून मी आधीच एक माफी चोरून घेतली आहे.

फोटो पेटीतून काढा. वाडीत कुणी विचारलं तर सांगा, माझा मुलगा गेटपर्यंत पोचला होता, आणि दोन बायका कमी आहेत म्हणून परत फिरला. त्यातली एक शेजारची, दुसरी तर त्याच्या ना नात्याची ना गोत्याची. कुलूप त्यानेच उघडलं आणि वाट त्यानेच दाखवली. या सगळ्याला साक्षीदार आहे. त्याला कुणी मारलं हेही सांगा.

हे पत्र फाडू नका. वकिलाला किंवा कोर्टात दाखवायला लागेल. म्हणून खाली नुसतं मालन न लिहिता पूर्ण नाव लिहिते.

मालन दत्ताराम गवस
वय ४६, राहणार विक्रोळी
सुयोगला मी मारलं.