ह्यांच्या मापाचा डोह

३ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत तुझ्या दादाला ऐकू जाणार नाही असा कोपरा नाही, म्हणून पत्र. ह्यांचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. कापड बेतायला वाकले की कळ थेट मानेत जाते. शिंप्याचा हात गेला म्हणजे सगळंच गेलं, असं म्हणून परवा मशीनला गिऱ्हाईक बघायला सांगून आले.

तू पाण्यातला व्यायाम सांगितलास, पण इथे पोहायचा तलाव नाही. नदी आहे. पुलाखालच्या मोठ्या डोहात सगळं गाव डुंबतं, पण तिथे उतरायची ह्यांना लाज. अख्ख्या गावाच्या कमरेची मापं घेतलेला माणूस स्वतःचं पोट दाखवायला तयार नाही. म्हणतात, ते पाहिल्यावर माप देताना कोण श्वास रोखून उभं राहील?

म्हणून रोज आम्ही दोघं काठाकाठानं वर जाऊन डोह शोधतोय. एकात गुरं बसलेली, दुसऱ्यात घोटाभर पाणी. काल मात्र कातळाच्या आडोशाला एक सापडला. हिरवंगार पाणी आणि चिटपाखरू नाही. ह्यांनी मापाच्या टेपला दुकानाचं कुलूप बांधून खोली मोजली, छातीइतकी भरली. कित्येक महिन्यांनी असे खुशीत दिसले. सोमवारी दुकान बंद असतं, पुढच्या सोमवारी उतरणार आहेत.

तब्येतीला जप, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी वहिनी

७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातून येऊन तुमचं पत्र वाचलं आणि चहा तसाच गार झाला. त्या डोहात दादाला अजिबात उतरू देऊ नका. इतकं छान पाणी रिकामं का, हे गावात कुणाला विचारलंत का? नुसती खोली मोजून भागत नाही. पाण्याला ओढ असते, ती टेपवर दिसत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांना आमच्या वॉर्डात कसं आणतात ते मी बघते.

मशीनही विकू देऊ नका. असे आखडलेले खांदे सुटतात, पण फार वेळ घेतात, आणि माणूस नेमका त्याच्या थोडं आधी कंटाळतो. पाण्यात हाताचं ओझं वाटत नाही, म्हणून तो व्यायाम सांगितला. लाज वाटत असेल तर म्हणावं शर्ट घालूनच उतर, पण पुलाखाली, चारचौघांत. तसंही त्याचं पोट शर्टात कधी लपलंय?

रागावले आहे, पण तुमच्यावर नाही. लोभ असू द्या.

बेबी

१२ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे सुखरूप आहेत, ते आधी सांगते. आता निवांत वाच.

काल दोघांनी जायचं ठरलं होतं, पण मी बाजारातून येईपर्यंत ह्यांना धीर निघाला नाही. घरी आले तर हे गेलेले आणि दारात तुझं पत्र. कडीसुद्धा न लावता पळत सुटले. डोहाशी पोचले तर कातळावर ह्यांची एक चप्पल. एकच. हाका मारल्या, ओ नाही. पाणी नुसतं हिरवं आणि गप्प. बेबी, मशीन जाऊ दे, हात जाऊ दे, माणूस राहू दे, एवढंच म्हणत होते.

माणसं बोलवायला पुलाकडे धावले, तर मोठ्या डोहात हे उभे. अंगात शर्ट, हातात दुसरी चप्पल, आणि गावातल्या पोरांबरोबर हसतायत.

झालं असं, की कातळावर ह्यांचा पाय घसरला आणि एक चप्पल पाण्यात पडली. तिनं दोन गिरक्या घेतल्या आणि खाली ओढली गेली ती वर येईना. चपलेसारखी हलकी वस्तू बुडते तिथे आपला काय पाड, असं वाटून ह्यांना दरदरून घाम फुटला. पण चप्पल नवी, सोडवेना; दुसरी कातळावरच काढून अनवाणी निघाले. शोधत शोधत पुलाशी आले तर ती मोठ्या डोहात तरंगताना दिसली. तिच्यामागे शिरले, आणि गाव बघतंय हे लक्षात येईपर्यंत छातीभर पाण्यात होते.

मी सगळ्यांदेखत तोंडाला येईल ते बोलले. गिऱ्हाइकं मान फिरवून हसत होती. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, भिजलोच आहे तर व्यायाम उरकून घेतो.

रागवायचं तर माझ्यावरही रागाव, पण पत्र लवकर पाठव.

तुझी वहिनी

१६ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप हा शब्द सगळ्यात वर लिहिलात, फार बरं केलंत. नाहीतर मी मिळेल त्या गाडीनं निघाले असते. दादाला माझ्याकडून एक धपाटा घाला, डाव्या खांद्यावर. आता रोज पुलाखालीच जा. हात पाण्यावर सैल सोडायचा, जोर करायचा नाही. आणि तुम्ही काठावर बसून नुसत्या धास्तावू नका, पाय तरी बुडवा.

दोघांवरही जीव आहे, म्हणून इतकं बोलते.

बेबी

१९ मे

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मशीन बघायला माणूस आला होता. ह्यांनी त्याला चहा पाजला, त्याच्या पँटचं माप घेतलं आणि परत पाठवला. मी आता गुडघाभर पाण्यात जाते. ह्यांची तर डोहात अशी उठबस झालीय, की लोक शिवायला टाकलेले कपडे पाण्यातच मागतात.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. दुखणं सुरू झाल्यापासून रोज सकाळी ह्यांना शर्ट मी चढवत होते. आधी उजवी बाही, मग पाठीमागून डावी. आजही बाही उघडी धरून उभी राहिले. ह्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला, हात वर करून स्वतःच अंगात घातला, आणि गुंड्या लावत, गिऱ्हाईक थांबलंय म्हणत निघून गेले. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी मोकळ्या हातांनी कितीतरी वेळ तिथेच उभी होते, आणि मग पोटभर रडले.

रजा मिळेल तेव्हा ये. वाट बघते.

तुझी वहिनी